चित्र आणि अक्षर

चित्रे मुलांसाठी व निरक्षरांसाठी. जाणत्याला अक्षर पुरे, अशी एक समजूत आहे. आम्ही शाळा अर्धवट सोडली आणि पुढे आपल्या आपणच वाचायला शिकलो. त्यामुळे अक्षराचा अभिमान आम्हांलाही होता. तो उतरला शेतमजुरांच्या संघटनेचे काम करताना.

चित्र एकटेही काम करते, हे खरे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती व तिच्यावर त्याचे चिन्ह होते. चिन्ह ओळखून मत टाकायचे. पण ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे.

कीटकनाशकाचा डबा घ्या. १९७१ च्या नियमांप्रमाणे त्याच्या लेबलावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा त्याने व्यापलाच पाहिजे. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची पायरी सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लालाच्या वर कवटी, हाडे आणि विषाची सूचना. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका सभेत आम्ही विचारले, लाल म्हणजे काय? फवारणी करणारा एक गडी म्हणाला, “लाल म्हंजे दवाई जोरदार, भाऊ. अळी वाचतच नाही.” चित्र त्याने पाहिले होते; अर्थ मात्र आपल्या गरजेचा लावला होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा चुकीची किंमत काय असू शकते, ते त्यावरून कळावे.

मग नुसते शब्द द्यावे काय? डब्याबरोबरच्या बारीक टाइपातल्या कागदाची घडीही कोणी उलगडत नाही. म्हणून आम्ही एक पत्रक काढले. वाऱ्याकडे पाठ करून फवारणारा माणूस, हातमोजे, बांधलेले नाक-तोंड, साबणाने हात धुणे. प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरांत एकच ओळ. पुढच्या सभेत एका मुलीने ते मोठ्याने वाचले. वाचता वाचता तिची एक ओळ गळाली. तोच एका म्हाताऱ्या बाईने चित्रावर बोट ठेवले : “अन् हे हात धुनं राह्यलं ना, पोरी!” त्या बाईला अक्षर येत नव्हते.

वाचनात पडतो तो फरक हाच. नजर आधी चित्रावर थबकते आणि मनात प्रश्न उठतो. उत्तर शब्द देतो. मग पुन्हा चित्र पाहावे तर ते पहिले राहिलेले नसते. कवटी म्हणजे ‘जोरदार’ नव्हे, ‘जपून’ असे ते बोलू लागते. चित्र माणसाला थांबवते, शब्द अर्थाला बांध घालतो. आणि वाचणारा एकटा उरत नाही. ऐकणाराही त्याच्याकडे हिशेब मागू शकतो.

त्या हंगामात काही मजुरांनी पत्रक हाती धरून मालकांना विचारले, “यातले हातमोजे कुठे आहेत?” आमच्या मते वाचन सार्थकी लागले ते तेव्हा.