हातगाडीवर कधीच न दिसणारी द्राक्षं : नाशिकच्या छोट्या वायनरीत वसंत कसा असतो?

फेब्रुवारी उजाडला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. लांबट, हिरवी, बिनबियांची द्राक्षं. नाशिक-सांगली भागातून ती घाट उतरून इथे येतात. याच दिवसांत नाशिकमध्ये आणखी एका प्रकारच्या द्राक्षांची काढणी सुरू असते. दाणा बारका, साल जाड, आत बिया. ही द्राक्षं हातगाडीवर कधीच दिसत नाहीत, कारण ती खाण्यासाठी नसतातच. ती थेट वायनरीत जातात.

आता यातली गंमत बघा. फ्रान्स किंवा इटलीत वसंत ऋतू म्हणजे द्राक्षवेलींना नुकते कोंब फुटण्याचा काळ. काढणी तिथे ऑगस्ट-सप्टेंबरनंतर. नाशिकमध्ये मात्र वसंतातच पीक हातात येतं. असं का?

तिथली वेल कडाक्याच्या थंडीत झोपते आणि ऊन वाढलं की जागी होते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेलीला झोपवण्याचं आणि उठवण्याचं काम कात्रीला करावं लागतं. म्हणून महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. त्यानंतर येणाऱ्या नव्या काड्यांत, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होतात. मग पावसाळा जाऊ द्यायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करायची. तिथून चार-पाच महिन्यांत फळ पिकतं. थोडक्यात, भर पावसात वेलीवर घड राहू नयेत अशी ही सगळी आखणी आहे.

बदलापूरकडे द्राक्षबागा का नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातला मुसळधार पाऊस आणि एरवीची दमट हवा म्हणजे डाऊनी आणि भुरी या रोगांना आमंत्रण. घाटापलीकडचं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री गारवा आणि हवा कोरडी असते.

दोन-अडीच महिन्यांत वर्षाचा निकाल

जानेवारीत शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँसारखी पांढऱ्या वाईनची द्राक्षं आधी येतात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ ही लाल वाईनची द्राक्षं त्यानंतर, मार्चपर्यंत. घरच्या वायनरीत या दिवसांत कुणाला धड झोप मिळत नाही. रोज दाण्यांचा रस काढून साखर मोजायची. एक-दोन दिवस उशीर झाला तर साखर वाढते, आंबटपणा उतरतो आणि वाईनची चव बदलते. तोडणी पहाटे, कारण उन्हात तापलेली द्राक्षं टाकीपर्यंत पोचता पोचता बिघडू लागतात. पांढऱ्या वाईनसाठी घड लगेच दाबून फक्त रस घेतला जातो. लाल वाईनला रंग सालीतून मिळत असल्याने रस सालीसकट आंबवतात. आंबताना रस स्वतःच तापतो, म्हणून स्टीलच्या टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात. ऐन मार्चच्या उकाड्यात वीज गेली तर काय होत असेल, याची कल्पना करा.

खरी मेख पैशाची आहे. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. मजुरी, वीज, बाहेरून घेतलेल्या द्राक्षांचे पैसे, सगळा खर्च याच आठवड्यांत होतो. पांढरी वाईन विकायला काही महिने जातात, पिंपात मुरवायची लाल वाईन वर्षभर थांबते. मोठी कंपनी हे झेपवते. छोट्या कुटुंबाचं गणित एका गारपिटीने कोलमडू शकतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट नाशिककर शेतकरी विसरलेले नाहीत.

आणि इथे पुन्हा हातगाडीचा मुद्दा येतो. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर तो माल निदान स्थानिक बाजारात जातो किंवा त्याचे बेदाणे होतात. वाईनच्या द्राक्षाला वायनरी सोडून दुसरं दारच नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेसाठी खास धोरण आणलं, वायनऱ्या वाढल्या, अनेकांनी वाईनच्या जाती लावल्या. पण २००८ च्या जागतिक मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी घटली, वायनऱ्यांनी खरेदी आखडली. कित्येक शेतकऱ्यांनी तेव्हा या वेली उपटून टाकल्या.

टिकलेल्या छोट्या वायनऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पर्यटकांचा आधार घेतला : बाग दाखवायची, चव द्यायची, बाटली दारातच विकायची. तरी वाट सोपी नाही. गंगापूर धरणाजवळची यॉर्क ही एका कुटुंबाने उभारलेली वायनरी, नावातली अक्षरं घरातल्या तीन मुलांच्या नावांवरून घेतलेली. २०२१ मध्ये ती सुला या मोठ्या कंपनीने विकत घेतली.

उल्हासनगरकरांना ही धांदल पाहायची असेल तर शहाडहून कसारा लोकल आणि पुढे घाटातून नाशिक, असा रस्ता आहे. मात्र होळीच्या आत जायला हवं, तेही पहाटे बागेत पोचण्याच्या तयारीने. (चव घेणाऱ्याचं वय २१ पूर्ण हवं.) गुढीपाडव्यानंतर गेलात तर टाक्यांमध्ये वाईन निवळत असेल, पण बागेत खरड छाटणी झालेली असेल आणि तारांवर उघडी खोडं तेवढी दिसतील.