सरकारचे काम दुकान चालवण्याचे नाही, तराजू पाहण्याचे

कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की सरकारने व्यापारात कमीत कमी हात घालावा. कोणता माल विणावा, काय भावाने विकावा, हे बाजार ठरवतो. पण झालेला सौदा पाळला जातो की नाही, हे पाहणे सरकारचेच काम आहे.

उधारीचेच घ्या. यंत्रमागवाला कापड देतो आणि पैशासाठी तीन-तीन महिने पेढीवर खेटे घालतो. त्याचे मजूर मात्र थांबू शकत नाहीत. म्हणून २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे देण्याची मुदत घातली : लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५ दिवस. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला आयकराची जोड दिली. मुदत टळली तर ती रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकती होईल, त्याच वर्षीच्या खर्चात धरली जाते.

मी स्वतः उधारीवर माल घेणारा. आमची वसुली लांबते आणि व्यापाऱ्याला या मुदतीचे संरक्षण नाही. ते उत्पादक व सेवा देणाऱ्यांनाच आहे. ही तक्रार रास्त आहे. तरी दुसऱ्याच्या पैशावर धंदा करणे हा काही आमचा हक्क नव्हे.

कारखानदार बंधूंनी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करावी, तिचा क्रमांक बिलावर छापावा आणि माल पोचल्याची तारीख सहीनिशी घ्यावी. कागद नसेल तर कायदाही मुका राहतो.