पटाभोवतीच्या जागा

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत. १४ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांतही हाच प्रसंग आहे. साधारण सहाव्या ते आठव्या शतकातली ही शिल्पे म्हणजे महाराष्ट्रातल्या पटावरच्या खेळाचे एक फार जुने चित्र. त्यात पार्वती बघी म्हणून बसलेली नाही, ती बरोबरीची प्रतिस्पर्धी आहे. पुराणकथांत तर बहुतेक वेळा तीच जिंकते आणि महादेव एकेक वस्तू हरत जातो.

घरातल्या पटावर स्त्रीची जागा पुढेही टिकली. सोंगट्या, काचापाणी, पत्ते यांना बायका कधी परक्या नव्हत्या. खेळ घराबाहेर पडला, त्याला क्लब, स्पर्धा, नियमावली आणि चषक लाभले, तेव्हा मात्र पटाभोवतीची गर्दी एकजात पुरुषांची झाली. तीही सगळ्या पुरुषांची नव्हे. ज्यांच्याकडे संध्याकाळ मोकळी, क्लबची वर्गणी खिशात आणि शिकवणारा कोणी ओळखीचा, अशांची.

बुद्धिबळात हा इतिहास तारखांसह सांगता येतो. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरु येथे झाली आणि तिच्या संयुक्त विजेत्यांत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे होते. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला १९७४ साल उजाडावे लागले. ती बंगळूरला झाली आणि वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या दोन बहिणी आल्या. पहिल्या दहा वर्षांत महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद मुंबईतल्या या एका घराबाहेर गेले नाही. तिघींत मिळून रोहिणींकडे पाच वेळा, जयश्रींकडे चार वेळा आणि वासंतींकडे एकदा ते आले.

खरी खळबळ उडाली ती १९७६ साली. तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या. अशी बसणारी ती पहिली भारतीय मुलगी. मुलीने पुरुषांत खेळावे का, यावरून वादंग माजले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, म्हणजे फिडेचे, तेव्हाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे हे स्वतः माजी जगज्जेते. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पटावरचे नियम स्त्री-पुरुषांना शतकानुशतके सारखेच होते. अडचण सभागृहाच्या दाराशी होती, आणि ती काढायला जगज्जेत्याचा शब्द लागला. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

या घराण्याचा आणखी एक धागा इथे सोडवत नाही. तिघी बहिणी ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली, म्हणजे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यातली भामिनी रंगवली बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी. सभ्य घरातल्या बाईने रंगमंचावर यायचे नाही, असा तो काळ. नायिका हवी होती, पण ती पुरुषाच्या अंगावर. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने १९३३ साली ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांना स्त्रीभूमिकांत आणले, तेव्हा ती बातमी ठरली. भूमिका स्त्रीची आणि करणारा पुरुष, ही जोडी मराठी माणसाला नवी नाही. तिची आठवण पुढच्या खेळासाठी उपयोगी पडेल.

बुद्धिबळाचा हिशेब आजही पुरा झालेला नाही. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर. त्या ८८ जणांत स्त्रिया चार. हम्पी, हरिका, वैशाली आणि दिव्या. हा आकडा दाखवून मुलींच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. २००९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी जर्मन बुद्धिबळ महासंघाच्या १ लाख २० हजारांहून अधिक खेळाडूंची नोंद तपासली. वरच्या शंभर पुरुषांत आणि शंभर स्त्रियांत जेवढे अंतर दिसते, त्यातले सुमारे ९६ टक्के अंतर खेळणाऱ्यांच्या संख्येतल्या तफावतीनेच पडते, असे त्यांना आढळले. सोळा पुरुषांमागे एक स्त्री खेळत असेल, तर अव्वल नावे पुरुषांचीच निघणार. या हिशेबावर पुढे आक्षेप आले, पण संख्येचा प्रश्न बाजूला ठेवून प्रतिभेबद्दल बोलता येत नाही, एवढे तरी त्याने पक्के केले.

शिवाय बसायला मिळाले म्हणजे सारे मिळाले असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील टाटा स्टील स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक आपल्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांच्याकडे अधिक पाहतात. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकले. संघात दिव्या होती आणि कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे.

स्त्री-पुरुष हा एक पदर झाला. समाजाचा पदर क्वचितच मोजला जातो. खाडिलकर भगिनींनंतर महाराष्ट्रातून गाजलेली नावे भाग्यश्री साठे, अनुपमा अभ्यंकर, स्वाती घाटे अशी आहेत. त्यांच्या कर्तृत्वात तसूभर उणे नाही. पण आडनावे नजरेखालून घातली, की हा खेळ दीर्घकाळ शिकल्या-सवरल्या पांढरपेशा घरांच्या ओसरीवर वाढला, हे लपत नाही. पट आणि सोंगट्या स्वस्त असतात. प्रशिक्षक, परगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि रजा टाकून सोबत जाणारा पालक स्वस्त नसतो.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा बंगळूरला झाली, त्याच १९७४ साली अमेरिकेत एक वेगळाच टेबलावरचा खेळ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. जग कसे आहे, वाटेत कोण भेटले, गुहेत काय दडले आहे, हे तो सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करील ते बोलून दाखवतात. करणे जमले की फसले, हे वीस पैलूंच्या फाशावर ठरते. जिंकणे-हरणे जवळपास नाहीच. कथा आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालते. नाटक म्हणावे तर संहिता नाही आणि सारीपाट म्हणावा तर पट नाही, अशी ही मधली चीज आहे.

खेळ जन्मला तो लढायांचे नकाशे मांडून बसणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गीय पुरुषांच्या वर्तुळात, आणि त्या वर्तुळाचे ठसे नियमांतही उतरले. १९७८च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-योद्ध्याच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा घातली होती. ड्रॅगन उडतो, मंत्राने मेलेला उठतो, तिथे वास्तवाचा हा आग्रह नेमका बाईच्या दंडावर येऊन थांबला, हे गमतीचेच. १९८९च्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. मिनियापोलिसच्या खेळाडूंमध्ये बसून समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ साली या खेळावरचे पहिले मोठे पुस्तक लिहिले. तेव्हा खेळणाऱ्यांत स्त्रिया शेकडा दहाच्याही आत होत्या. तरी त्या पहिल्यापासून होत्या. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ पासून खेळाडूंच्या लेखांचे नियतकालिक चालवले. खेळाच्या तेव्हाच्या प्रकाशक कंपनीने जीन वेल्स यांना १९७९ मध्ये पहिली स्त्री-रचनाकार म्हणून घेतले.

आज प्रकाशक कंपनी स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्के सांगते. ही वाढ हळूहळू झाली. १९९१च्या ‘व्हँपायर : द मास्करेड’ने लढाईऐवजी नातेसंबंध आणि कारस्थाने मध्यभागी आणली आणि नवे लोक, विशेषतः स्त्रिया, खेळाकडे वळल्या. २०१५ मध्ये ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला. आवाज देणारे कलाकार, त्यांत अनेक स्त्रिया, कॅमेऱ्यासमोर बसून तासन्‌तास खेळतात आणि लोक ते पाहतात. अनोळखी पुरुषांच्या दुकानामागच्या खोलीत न जाताही हा खेळ शिकता येऊ लागला, हा त्याचा मोठा परिणाम.

वर्णाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण इथे वंश खेळाच्या आतही असतो. पात्र मानव, एल्फ, ऑर्क असे काहीतरी असते, आणि जुन्या नियमांत काही वंश जन्मतःच दुष्ट ठरवलेले. त्यांत काळ्या कातडीचे ‘ड्राव’ही होते. अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या काळात, जून २०२० मध्ये, कंपनीने ही चौकट बदलण्याचे जाहीर केले. ज्या देशात कोणत्या जातीत जन्मला यावरून माणसाचा स्वभाव सांगण्याची खोड अजून गेलेली नाही, तिथल्या वाचकाला हा वाद परका वाटू नये.

भारताची सावली या खेळावर पहिल्यापासून आहे. उर्दूचे अभ्यासक, मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ साली बाजारात आला. त्यातले जग युरोपचे नव्हते. भारत, इजिप्त, माया संस्कृती यांच्या छटा त्यात होत्या. बार्कर यांच्या मृत्यूनंतर, २०२२ साली, त्यांनी टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिल्याचे उघड झाले. परक्या संस्कृतीचे रंग वापरणे आणि त्या माणसांना बरोबरीने बसवणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे टोकाचे उदाहरण. त्याच २०२२ साली ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हे तेरा साहसकथांचे पुस्तक आले. त्याचे नेतृत्व करणाऱ्यांत भारतीय वंशाचे अजित जॉर्ज होते आणि कथालेखक सगळे गौरेतर. त्यातली बंगालच्या धर्तीवरची शंखभूमी रचली कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी. मंडल दलित आहेत, तसे जाहीरपणे सांगतात, आणि ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या लेखिका आहेत. महाराष्ट्राचे असे जग अजून कोणी मांडायचे आहे. वारी, लावणीचा फड, कोकणातली भुते, सह्याद्रीतले किल्ले, एवढे भांडवल असताना उशीर का, हा प्रश्नच आहे.

खेळाडू आणि पात्र वेगळे असल्यामुळे पुरुष स्त्रीचे पात्र घेतो, स्त्री पुरुषाचे घेते, आणि स्वतःच्या लिंगभावाबद्दल चाचपडणाऱ्या अनेकांना हे टेबल सुरक्षित वाटते. भामिनी रंगवणाऱ्या बालगंधर्वांशी हे जुळते, पण अर्धेच. संगीत नाटकात पुरुषाने स्त्री रंगवली, कारण स्त्रीला मज्जाव होता. इथे ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते आणि तिचे पात्र कसे बोलते यावर टोकतेही.

शेजारच्या खुर्चीचा हा प्रश्न आपल्या रोजच्या खेळांतही आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अशा खेळाचे एक ओळखीचे सार्वजनिक ठिकाण म्हणजे लोकल. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडीलाही तासभर लागतो. त्या तासात चार जणांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी पडते आणि मेंढीकोट किंवा रमीचा डाव सुरू होतो. हे गट ठरलेल्या गाडीचे, ठरलेल्या डब्याचे. जागा अडवून ठेवतात म्हणून त्यांच्यावर तक्रारी होतात आणि रेल्वे पोलिसांची कारवाईही होते. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. गट गाडीच्या वेळेवरून जमत असल्याने मराठी, गुजराती, सिंधी, तमिळ, उत्तर भारतीय एकाच ब्रीफकेसभोवती येतात. घरांच्या सोसायट्यांत इतकी सरमिसळ क्वचितच असते. समाजांच्या भिंती लोकलने पाडल्या. स्त्री-पुरुषांची भिंत मात्र डब्याच्या पत्र्यातच आहे. महिलांच्या डब्यात हळदीकुंकू होते, भजन होते, भाजी निवडली जाते. पत्त्यांची ब्रीफकेस पलीकडच्या डब्यात. घरी पोचल्यावर संध्याकाळचा ओटा कोणाची वाट पाहत असतो, हे वेगळे सांगायला नको.

मंडळाच्या कॅरमबोर्डाचेही तसेच. तो गल्लीच्या तोंडाशी, दिव्याखाली, रात्री उशिरापर्यंत चालतो. मुली तिथे उभ्या राहत नाहीत. रोल-प्लेइंग गेमला तर एका बैठकीला तीन-चार तास, जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक आणि महागड्या फाशांचा संच लागतो. खेळ इंटरनेटवरून खेळता येऊ लागल्याने प्रवास वाचला, भाषेची आणि पैशाची अट उरलीच. मराठीतून सूत्रधारी करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. साधा सहा पैलूंचा फासा, चार कोरे कागद आणि गोष्ट सांगता येणारी एक व्यक्ती एवढ्यावर हा खेळ चालतो.

बुद्धिबळासाठी तेवढीही सोय करावी लागत नाही. फिडेच्या स्पर्धांत ‘पुरुष गट’ नावाचा गट नसतो. असतो तो खुला गट आणि त्याखेरीज महिलांचा. मुलगी खेळत असेल तर अर्ज भरताना पालकांनी दोन्ही रकाने वाचावेत आणि कुठे बसायचे ते तिला विचारावे.