गटाचा हिशेब आणि घरचं विंडोज

पैठण असो की कन्नड, बचत गटाचा हिशेब आता पुष्कळदा कुणाच्या तरी घरच्या संगणकावर असतो. त्यात विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची देखभाल थांबवली आहे. संगणक बंद पडत नाही, पण नव्यानं सापडलेल्या फटी बुजवल्या जात नाहीत. कुलूप जुनं, चोर नवे! अशा संगणकावर बँकेचे व्यवहार नकोत.

मग विंडोज ११ टाकायचं का? पात्र संगणकाला ते फुकट मिळतं. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की आपला संगणक बसतो का, ते कळतं.

बसत असेल, तर आधी हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवा. जुना प्रिंटर आणि मराठी टायपिंग नव्यात चालेल का, हेही विचारून घ्या.

बसत नसेल, तरी लगेच नवा संगणक घेऊ नका. लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे. जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते, मराठीही लिहिता येतं. मात्र विंडोजचे सगळे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत.

‘तुमचं विंडोज संपलं, मी दुरुस्त करतो,’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर कळवा.

आम्ही सगळ्या गटांना एकच सांगतो: संगणक एकीच्या घरी असला तरी हिशेब सगळ्यांचा आहे. निर्णय मासिक बैठकीतच घ्या.