जुने बूट काय सांगतात

मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जाणारा रस्ता चढउतारांचा. आठवडाभर पेढीवर बसून रविवारी तेथे एकदम 10 किलोमीटर धावले, की सोमवारी पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते. मग कोणी नवे बूट घेतो, कोणी साधु-साध्वींच्या अनवाणी विहाराचा दाखला देतो. पण त्या पायांना वर्षानुवर्षांचा सराव असतो. पादचिकित्सक मात्र जुनेच बूट मागतो. तळ कोठे झिजला, पाऊल किती आत कलते, पोटरी आखडली आहे काय, हे तो पाहतो. टाचेचे दुखणे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचे. पोटरीच्या व्यायामाने, धावणे कमी केल्याने ते काही महिन्यांत ओसरते. परंतु हाडावर एकाच बिंदूवर दुखत असल्यास धावणे त्याच दिवशी थांबवावे. ती बारीक चीर असू शकते, आणि आरंभीच्या क्ष-किरण चित्रात ती पुष्कळदा दिसत नाही.