उष्णता अडते ती सांध्यावर

बजाज चेतकच्या इंजिनावरचं पत्र्याचं झाकण ज्यांनी कधी काढून पाहिलंय, त्यांना घरगुती हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यांचा धातू, निम्मा कळलेला आहे. आत सिलिंडरभोवती धातूच्या पट्ट्या, शेजारी फ्लायव्हीलवरच पंख्याच्या पात्या आणि या सगळ्यावर ते झाकण. मोटरसायकलचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर गार होतं. १९७२ साली आलेल्या चेतकचं इंजिन मात्र आडोशाला दडलेलं, म्हणून त्याला स्वतःचा वारा स्वतःच तयार करावा लागे. झाकणामुळे तो वारा इकडेतिकडे न भरकटता पट्ट्यांमधूनच जाई. झाकण न लावता गाडी चालवली, तर पंखा फिरत असूनही इंजिन तापे.

संगणकाचा प्रोसेसरही असाच आडोशाला, बंद डब्यात बसलेला असतो. १९७८ चा इंटेल ८०८६ उघडाच चाले. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि डोक्यावर हीटसिंक-पंखा घेऊनच घरोघरी पोचला. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ पर्यंत उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली, आणि तीही सुमारे ११२ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या चकतीत, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. घरातली हजार वॅटची इस्त्री दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाच वॅट देते. प्रेस्कॉट शंभराच्या आसपास देत होता. गॉर्डन मूर यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखातच विचारलं होतं, की एका चिपवर इतके घटक बसवल्यावर त्यांची उष्णता बाहेर काढता येईल का. घरी हीटसिंक बनवायला बसणारा प्रत्येक जण त्याच प्रश्नाचं आपल्यापुरतं उत्तर शोधत असतो.

सुरुवात भागाकारापासून करावी. समजा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि तो ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील, तर हाताशी उरतात ४२ अंश. ४२ भागिले ६५ म्हणजे सुमारे ०.६५. दर वॅटमागे तापमान एवढंच वाढलं पाहिजे, त्याहून जास्त नाही. पुण्यात जानेवारीत खोली २० अंशांवर असते, तेव्हा हाच आकडा ०.९२ पर्यंत सैल होतो. म्हणून हिवाळ्यात बनवून समाधानाने वापरलेला हीटसिंक विदर्भाच्या उन्हाळ्यात तोंडघशी पाडतो. हिशेब नेहमी मे महिन्याचा धरावा.

यानंतर बहुतेक जण धावतात ते तांब्याकडे. मीही धावलो होतो. तांबं ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट उष्णता वाहून नेतं, हे खरंच. पण आकडा मांडून पाहा. तीन बाय तीन सेंटिमीटरच्या प्रोसेसरवर पाच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा ठोकळा ठेवला, तर ६५ वॅट सरळ त्यातून जाताना जेमतेम एक अंशाचा फरक पडतो. ॲल्युमिनियममधून दोन अंशांचा. उष्णता कडेला पसरण्याचा हिशेब धरला तर तांब्याचा फायदा थोडा वाढतो. पण त्याच्या बदल्यात तिपटीहून जास्त वजन मदरबोर्डवर लटकतं आणि खर्चही वाढतो.

खरी गळती असते सांध्यावर. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये केसाएवढी, ०.०५ मिलिमीटरची हवेची फट सगळीकडे राहिली, तर ६५ वॅटला ती पार करायला सुमारे १४० अंशांचा फरक लागेल. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकलेला असतो, म्हणून गोष्ट इतकी टोकाला जात नाही. पण हवा किती हट्टी आहे ते यावरून कळतं. तीच फट थर्मल पेस्टने भरली, की फरक एका अंशाच्या आत येतो. तांबं घेऊन जो एक अंश कमावला, त्याच्या कितीतरी पट इथे, बिनखर्चाच्या मेहनतीत, दडलेले असतात.

ही मेहनत म्हणजे तळ सपाट करणं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालतं. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्याचा पत्रा घट्ट होतो आणि त्याच ठोक्यांच्या खुणा भांड्याची शोभा होतात. हीटसिंकच्या तळाला नेमकं उलट हवं. जाड काच टेबलावर ठेवा, तिच्यावर पाण्याने ओला केलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा आणि हीटसिंकचा तळ त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहा. हात जड ठेवू नका, नाहीतर कडा आधी झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. सुरुवातीला तळावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारून ठेवा. ज्या रेघा पुसल्या जात नाहीत, तिथे खड्डा आहे. सगळ्या रेघा एकदम जायला लागल्या की ८०० आणि मग १२०० नंबरचा पेपर घ्या. पहिल्या वेळी मला यात दीड तास लागला. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे पाहिलं आणि खालून कुठेच प्रकाश आला नाही, तेव्हाचा आनंद मी विसरलेलो नाही.

पेस्ट मात्र वाटाण्याच्या निम्म्या आकाराइतकीच. ती हवेपेक्षा कितीतरी चांगली आणि धातूपेक्षा कितीतरी वाईट असते, म्हणून तिने फक्त खाचा भरायच्या. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. उघड्या चकतीच्या एका जुन्या प्रोसेसरचा कोपरा मी एकाच बाजूने स्क्रू आवळून उडवला होता. तो प्रोसेसर पुन्हा चालला नाही.

आता पट्ट्या. ६५ वॅट पंख्याच्या हवेत सोडायला साधारण साडेपाचशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग पुरतो. आठ बाय चार सेंटिमीटरच्या पट्टीच्या दोन्ही बाजू धरल्या तर ६४ चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे कागदावर नऊ पट्ट्या. पट्टीचं टोक तळाइतकं तापत नाही, म्हणून मी पंधरा धरतो. पंखा असेल तर दोन-तीन मिलिमीटरची फट चालते. बिनपंख्याचा हीटसिंक असेल तर फट सहा ते दहा मिलिमीटर हवी आणि पृष्ठभाग सहा-सातपट. दाट पट्ट्या बघायला भारदस्त दिसतात, पण आपोआप वर चढणारी हवा त्यात शिरतच नाही. जुन्या ॲम्प्लिफायरचे किंवा यूपीएसचे हीटसिंक भंगारात मिळतात. ते कापून घेतले तर सगळ्यात सोपं. कापताना करवतीला थोडं रॉकेल लावा, म्हणजे ॲल्युमिनियम दातांना चिकटत नाही. किस मात्र मदरबोर्डच्या आसपासही फिरकू देऊ नका.

पंख्याचं गणित मला सगळ्यात आवडतं. ६५ वॅट घेऊन हवेने दहाच अंश तापायचं असेल, तर सेकंदाला साडेपाच-सहा लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरचा पंखा हे काम हळू फिरूनही करतो. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, पण वीज एक-अष्टमांशावर येते आणि आवाजही खूप उतरतो. म्हणून मोठा आणि संथ पंखा घ्यावा. पंख्याच्या मधोमध मोटर असते, त्याखाली वारा नसतो आणि प्रोसेसर नेमका तिथेच असतो. पंखा दोन-तीन सेंटिमीटर वर उचलून भोवती पुठ्ठ्याची चौकट लावली, की वारा मध्यापर्यंत पोचतो. चेतकचं झाकण ते हेच. हवा कुठे निसटते हे बघायला उदबत्ती धरा. धूर पट्ट्यांत न शिरता पंख्याकडेच वळून परत येत असेल, तर तापलेलीच हवा पुन्हा पुन्हा ओढली जाते आहे.

पहिला प्रयोग महागड्या संगणकावर करू नका. रास्पबेरी पाय ४ सारख्या छोट्या बोर्डला सहा-सात वॅट बाहेर टाकायचे असतात आणि ८० अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो. शिकायला यापेक्षा चांगला सोबती नाही. मोठा हीटसिंक बनवलात, तर ॲल्युमिनियमच्या आवरणाचा २.२ ओहमचा, शंभर वॅटचा रेझिस्टर त्याच्या तळाला पेस्ट लावून आवळा आणि १२ व्होल्ट द्या. सुमारे ६५ वॅट होतात. तो अर्धा तास चालवा, दर पाच मिनिटांनी तळाचं आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. दोन्हींमधला फरक ४२ अंशांपेक्षा बराच खाली स्थिरावला, तरच त्या हीटसिंकखाली प्रोसेसर ठेवा.