रोमन वेषधाऱ्यांचें चिलखत : साधन कीं सोंग ?

नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले असून वेषभूषादिकांस ‘आहार्य’ ही संज्ञा दिली आहे. आहार्य म्हणजे बाहेरून आणावयाचें. युरोपांत हौशी मंडळी रोमन सैनिकांचा वेष धारण करून जे प्रयोग करितात, त्यांस ही संज्ञा यथार्थ लागू पडते. प्रश्न इतकाच कीं, हें आहार्य आणलें कोठून, आणि संशोधकानें त्यास साधन म्हणून कितपत मान द्यावा.

इंग्लंडांत १९७२ सालीं ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ हें अशा प्रकारचें मंडळ निघालें. सभासद पोटार्थी नट नव्हेत. स्वतः चिलखतें घडवून तीं अंगावर चढविणारे लोक होत. त्यांच्या पट्ट्यांच्या चिलखताचा मुख्य आधार १९६४ सालचा. त्या वर्षीं हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज येथें लोखंडी पट्ट्यांनीं मढविलेली एक लांकडी पेटी सांपडली. तींत हत्यारें, अवजारें आणि अशा चिलखतांचे भाग होते. तत्पूर्वीं हे पत्रे चामडी बंडीवर बसवीत, अशी विद्वानांची समजूत होती. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनीं रिव्हेटांच्या जागांवरून दाखविलें कीं, पत्रे आंतील बाजूच्या चामडी वाद्यांवर एकाखालीं एक टांगलेले असत. बंडी मुळींच नव्हती. किडीनें खाल्लेलीं अक्षरें वृत्ताच्या आधारें भरून काढावीं, तशांतलाच हा प्रकार. १९७५ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला आणि वेषधाऱ्यांचा तो जणूं मूलपाठ होऊन बसला.

ह्या खटाटोपाचा लाभ झालाच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. रोमन छावण्यांच्या जागीं पितळी बिजागऱ्या व आंकडे यांचे तुकडे विपुल मिळतात. इतके कां, तें चिलखत घालून वावरल्यावर उमगतें : हे नाजूक भाग वरचेवर तुटतात. तसेंच खांद्यावर आंतून जाड गादी घेतल्याखेरीज तें नीट बसत नाहीं. ‘दे रेबुस बेल्लिकिस’ ह्या निनांवी लॅटिन ग्रंथांत चिलखताखालीं घालावयाच्या ‘थोराकोमाखुस’ नामक वस्त्राचें वर्णन आहे, त्याचें प्रयोजन यावरून कळतें. पोथ्यांच्या संग्राहकांस सांगण्यासारखें म्हणजे, ह्या ग्रंथाची स्पायर येथील जुनी प्रत गहाळ असून आज केवळ तिच्या नकला उपलब्ध आहेत.

परंतु आम्ही पोथी छापतों तेव्हां कल्पनेनें भरलेलीं अक्षरें कंसांत घालतों. वेषधाऱ्याच्या अंगावर कंस कोठें घालणार ? पत्रा सप्रमाण, वादी अनुमानाची, अंगरख्याचा तांबडा रंग वादग्रस्त. पाहणारास मात्र सगळें सारखेंच अस्सल दिसतें. ह्या चिलखताचें ‘लोरिका सेग्मेंटाटा’ हें नांवदेखील रोमन नव्हे, मागाहूनच्या पंडितांनीं दिलेलें. कवाइतीच्या लॅटिन आज्ञा बहुधा ‘स्ट्राटेगिकोन’ ह्या ग्रीक ग्रंथांतून घेतात. तो सहाव्या शतकाच्या अखेरचा. वेष पहिल्या शतकाचा! पेशव्यांच्या दरबाराचें पत्र यादवांच्या मुखीं घालावें, त्याहून हें वेगळें नाहीं.

शिल्पेंही जपून वाचलीं पाहिजेत. रोम येथील ट्राजनच्या स्तंभावर (इ. स. ११३) लीजनचे शिपाई सरसकट पट्ट्यांच्या चिलखतांत दाखविले आहेत. त्याच डेसियाच्या युद्धांचें स्मारक रुमानियांत आदामक्लिसी येथें आहे (इ. स. १०९); तेथें लीजनचे शिपाई कड्यांच्या व खवल्यांच्या चिलखतांत आहेत. आमच्या मतें सीमेवरील ह्या ओबडधोबड शिल्पाची साक्ष अधिक वजनदार. राजधानींतील शिल्पकारास सैनिकांचे वर्ग चटकन् ओळखूं यावे एवढेंच साधावयाचें असावें. वेषधारी मात्र स्तंभाचीच नक्कल अधिक करितात, कारण ती झळकते.

२०१८ सालीं जर्मनींत काल्क्रीझ येथें पट्ट्यांचें एक जवळजवळ संपूर्ण चिलखत मिळालें. त्या स्थळाचा संबंध इ. स. ९ मधील वारुसच्या पराभवाशीं जोडला जातो, व घडण कॉर्ब्रिजच्या नमुन्याहून जुनी आहे. ऑगस्टसच्या काळचें असलें चिलखत ज्यांस घडवावयाचें असेल, त्यांस ह्यापुढें कॉर्ब्रिजची पेटी पुरणार नाहीं.